अभ्यासपाठ : सौरऊर्जेचे शिक्षण आणि हाताचे कौशल्य



दहावी-बारावीचे निकाल लागले की वसतिगृहात पालकांची ये-जा वाढते. "ताई, सोलरचं शिकला तर पोराला काम लागेल का?" हा प्रश्न अलीकडे दरवर्षी येतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आणि ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आपल्या बऱ्याच मुलांनी पाहिलेल्या आहेत. त्यामुळे ओढ आहे. माहिती मात्र अर्धवट असते. माझे स्वतःचे शिक्षण धर्मशास्त्राच्या पदविकेचे. इंजिनिअरिंगला गेलेल्या आपल्या मुलांच्या वह्या चाळून आणि त्यांना विचारून जे समजले, ते या पाठात मांडते.

१. वाटा कोणत्या?

दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा किंवा सोलर टेक्निशियनचा एक वर्षाचा कोर्स आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा; तो झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. बारावी विज्ञान, गणितासह केल्यास सीईटी देऊन चार वर्षांची पदवी. पुढे गेट परीक्षा देऊन एम.टेक. करता येते, मुंबईच्या आयआयटीत ऊर्जा विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभागच आहे.

पदवीसाठी माझा सल्ला असा : पाया इलेक्ट्रिकलचा किंवा मेकॅनिकलचा घ्यावा आणि सौर, पवन, बायोगॅस हे विषय त्यावर निवडावेत. भरतीच्या जाहिरातीत बहुधा मूळ शाखाच विचारतात, आणि सोलरचे काम मंदावले तरी इलेक्ट्रिकलवाल्याला दुसरे काम मिळते.

कागदपत्रांकडे लक्ष असू द्या. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवरील प्रवेशाला जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीतच करावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला जेवण-राहण्याच्या खर्चासाठी 'स्वयम्' योजना आहे, तीही पाहावी.

२. एक गणित करून पाहू

या शिक्षणात नेमके काय शिकतात, हे कळायला एक उदाहरण घेऊ. एका छोट्या वसतिगृहात ९ वॅटचे १० बल्ब रोज ५ तास चालतात : ४५० वॅट-तास. ७५ वॅटचे ४ पंखे रोज ६ तास चालतात : १,८०० वॅट-तास. एकूण २,२५०, म्हणजे सव्वादोन युनिट.

आपल्याकडे दिवसभराचे ऊन सरासरी पाच तासांच्या कडक उन्हाइतके धरतात. उष्णता, धूळ, तारा आणि बॅटरी यांत सुमारे ३० टक्के वीज वाया जाते. म्हणून १ वॅटच्या पॅनेलमागे दिवसाला साडेतीन वॅट-तास हाती लागतात. २,२५० ला ३.५ ने भागा : सुमारे ६४५ वॅटचे पॅनेल हवे. शिसे-आम्लाची बॅटरी निम्मीच वापरावी असा नियम आहे, त्यामुळे १२ व्होल्टची ३७५ अँपिअर-अवरची बॅटरी लागेल.

आता तेच चार पंखे ३० वॅटचे, बीएलडीसी जातीचे बसवा. पंख्यांची गरज ७२० वर येते आणि एकूण १,१७० वर. पॅनेल ३३५ वॅटचे पुरते, बॅटरी २०० ची. खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, तोही फक्त पंखे बदलून! विक्रेता पॅनेल मोजतो. शिकलेला अभियंता आधी गरज मोजतो. पावसाळ्यात ऊन कमी पडते, तेव्हा काय करायचे हेही तो आधीच ठरवतो.

३. हाताला काय यावे?

पदवीच्या कागदासोबत ही कामे यायला हवीत :

• मल्टिमीटर आणि क्लॅम्प मीटर लावून दोष शोधणे.
• छतावर दिवसभरात सावली कुठे पडते ते पाहणे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल साधारण अक्षांशाइतका, आपल्या भागात वीस अंशांच्या आसपास, ठेवणे.
• उंचीवर काम करताना सुरक्षा पट्टा वापरणे. उन्हात पॅनेल 'बंद' करता येत नाही आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही, हे ध्यानात ठेवणे.
• एक्सेलमध्ये अंदाजपत्रक करणे, ऑटोकॅडचे चित्र वाचणे, इंग्रजीत एक पानाचा अहवाल लिहिणे.
• ग्रामसभेत उभे राहून हेच सर्व आपल्या बोलीत समजावणे.

पहिल्या वर्षी गणित आणि इंग्रजीपाशी आपली मुले अडतात. काही जण तिथूनच घरी परततात. त्यांना रागावू नका. तंत्रशिक्षण परिषदेने पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीतही काढली आहेत, ती मिळवून द्या. सुट्टीत एखाद्या सोलर बसवणाऱ्याच्या हाताखाली महिनाभर काम करू द्या.

४. हे आपल्यासाठी का महत्त्वाचे?

एका पाड्यावर मी वीस घरांतले दिवे बंद पडलेले पाहिले. पॅनेल शाबूत होते. बॅटरीतले पाणी आटले होते आणि डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते हे कोणालाच सांगितलेले नव्हते. लेकरे पुन्हा रॉकेलच्या धुरात अभ्यासाला बसली होती. देणगीतून पॅनेल येते. ते दहा-वीस वर्षे चालवणारा माणूस मात्र घडवावा लागतो. तो आपल्याच पाड्याचा असेल तर हाक मारल्यावर येईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराची रोजची विजेची गरज वॅट-तासात काढा. कोणते एक उपकरण बदलल्यास ती सर्वाधिक घटेल?
२. आपल्या गावातील बंद सौर दिवे आणि पंप मोजा. प्रत्येक का बंद पडला?
३. आपल्या मंडळातील कोणत्या मुलाला किंवा मुलीला या वाटेवर पाठवता येईल, आणि पहिल्या वर्षी तिच्या पाठीशी कोण उभे राहील?