जुन्या मोटारीचे प्लग व कॉइल स्वहस्ते बदलणे

पिपरी मेघे येथून रात्री-अपरात्री आजाऱ्यास सेवाग्रामच्या इस्पितळात न्यावयाचे असता दारची मोटार अडून बसणे परवडत नाही. म्हणून ज्यांच्या घरी कार्ब्युरेटरची जुनी मारुती 800 आहे, त्यांनी पुढील काम शिकून ठेवावे.

दोषाची परीक्षा : ह्या इंजिनास प्लग तीन, परंतु कॉइल एकच असते. इंजिन दोनच सिलिंडरांवर हिसके देत चालल्यास दोष बहुधा एखाद्या प्लगचा अथवा त्याच्या वायरीचा होय. ठिणगी मुळीच नसल्यास कॉइल व डिस्ट्रिब्यूटर तपासावे.

प्लग : इंजिन पूर्ण निवू द्यावे व बॅटरीची ऋण वायर सोडावी. प्लगभोवतीची धूळ फुंकावी. एका वेळी एकच वायर, टोपीस धरून, काढावी. वायरींची अदलाबदल झाल्यास इंजिन नीट चालत नाही. नवा प्लग प्रथम हातानेच फिरवावा. तो अडल्यास जोर करू नये, कारण ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेल्यास स्वस्त प्लगापायी मोठा खर्च पदरी येतो. पाना शेवटी हलकेच लावावा.

जुन्या प्लगचे तोंड पाहावे. फिकट तपकिरी असल्यास ठीक. कोरडी काजळी असल्यास बहुधा पेट्रोल अधिक जाते. तेलकट असल्यास इंजिनात तेल चढते, तेथे नवा प्लगही फार दिवस टिकणार नाही.

कॉइल : धन व ऋण वायरींस आधी खूण करावी, मगच त्या सोडाव्या. चालू इंजिनाच्या प्लगवायरीस हात लावू नये.

हे काम पेरणीपूर्वी, सवडीच्या दिवशी उरकावे.