आयरिस का फुलत नाही?

श्रीनगरच्या जुन्या कबरस्तानांतून एप्रिल महिन्यात हिंडणाऱ्या प्रवाशाला एक देखावा हटकून पाहावयास मिळतो. ज्या जागी कोणी पाणी घालीत नाही आणि खतही घालीत नाही, अशा कबरींच्या मातीवर तलवारीच्या पात्यांसारख्या पानांचे झुबके उभे असतात, आणि त्यांतून पांढरी व जांभळी फुले वर आलेली असतात. ही आयरिसची फुले होत. पूर्वी काश्मीरमध्ये भूर्जाच्या सालीचे थर देऊन त्यांवर माती पसरून घरांची छपरे करीत. त्या छपरांवरही आयरिस फुलत असे. हीच वनस्पती कौतुकाने दिल्लीस आणावी, उत्तम वाफ्यात लावावी, रोज पाणी द्यावे, तर पाने भरघोस येतात, परंतु फूल येत नाही. आणि पुष्कळदा एका पावसाळ्यानंतर पानेही उरत नाहीत. उपेक्षेत फुलणारी वनस्पती लाडात का फुलत नाही? दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या परिसरातील माळ्यांना हा प्रश्न विचारला, तर बहुधा 'आणखी खत घाला' असे उत्तर मिळते. हे उत्तर चुकीचे आहे. ते का चुकीचे, हे समजण्यासाठी प्रथम या वनस्पतीची राहणी पाहिली पाहिजे.

आयरिस हे नाव ग्रीक पुराणांतील इंद्रधनुष्याच्या देवतेवरून पडले आहे. या प्रजातीत सुमारे ३०० जाती असून त्या सर्व उत्तर गोलार्धातील आहेत. केशर आणि ग्लॅडिओलस ही याच कुलातील भावंडे होत. बागेत लावावयाच्या आयरिसचे दोन मुख्य प्रकार मानता येतील. एकाची वाढ आल्याच्या किंवा हळदीच्या गड्ड्याप्रमाणे जमिनीत आडव्या पसरणाऱ्या खोडापासून होते. शास्त्रीय परिभाषेत या खोडाला मूलक्षोड म्हणतात. या प्रकाराच्या फुलाच्या खाली झुकलेल्या पाकळ्यांवर केसांची दाट ओळ असते, म्हणून त्याला दाढीवाला आयरिस म्हणतात. दुसरा प्रकार कांद्यासारख्या कंदापासून वाढणारा. त्याला डच आयरिस हे नाव आहे.

मूलक्षोडाच्या प्रत्येक फांदीच्या टोकाशी एक अंकुर असतो. तो आरंभी केवळ पाने काढीत राहतो. पुरेसा पोसला गेला आणि योग्य ऋतू मिळाला, म्हणजे पाने काढणे थांबवून तो फुलाचा दांडा घडवू लागतो. एकदा फूल आले की त्या तुकड्यास पुन्हा कधीही फूल येत नाही. पुढच्या हंगामाची फुले त्याच्या कुशीतून फुटलेल्या नव्या तुकड्यांवर येतात. म्हणजे या वसंतात दिसणारे फूल हे गेल्या वर्षीच्या वाढीचे फळ होय. मार्चमध्ये कळी दिसत नाही म्हणून मार्चमध्ये खत घालणारा मनुष्य उशिरा जागा झालेला असतो.

आता, अंकुराला पाने सोडून फुलाकडे वळण्याची सूचना कोण देतो? दाढीवाल्या आयरिसच्या बहुतेक प्रकारांत ही सूचना थंडी देते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ गुस्टाव्ह गासनर यांनी १९१८ साली राय या धान्यावर प्रयोग करून असे दाखविले की, हिवाळी राय कोवळेपणी काही आठवडे थंडीत राहिली नाही तर तिला वेळेवर ओंब्या येत नाहीत. या क्रियेला वासंतीकरण असे नाव आहे. अरॅबिडॉप्सिस नावाच्या लहानशा तणावर गेल्या काही दशकांत झालेल्या संशोधनाने तिचे आतले यंत्रही उलगडले आहे. फुलाला अटकाव करणारे एक जनुक असते. दीर्घ थंडीने ते हळूहळू मुके होते, आणि ऊब परतली तरी मुकेच राहते. थंडी काही तासांचीच असेल, तर ते पुरते मुके होत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांस हे अपरिचित वाटावयास नको. नाशिककडील शेतकरी कांद्याला आलेल्या डेंगळ्यांविषयी तक्रार करतो, तेव्हा तो याच क्रियेविषयी बोलत असतो. रोप पुरेसे जाड झाल्यावर थंडी लांबली, की कांदा पोसण्याऐवजी फुलाचा दांडा वर काढतो. शेतकऱ्याला नको असलेला तो दांडा आणि बागप्रेमीला हवा असलेला आयरिसचा दांडा हे दोन्ही थंडीचेच ऋणी आहेत.

दिल्लीत थंडी नाही काय? आहे, दिल्लीकर तिच्याविषयी पुष्कळ बोलतातही. परंतु जानेवारीत रात्रीचे तापमान सात-आठ अंश सेल्सियसपर्यंत उतरले, तरी दुपारी ते बहुधा वीस अंशांच्या आसपास असते. वासंतीकरणाला उपयोगी पडणारी थंडी शून्य ते दहा अंशांच्या दरम्यानची. ती येथे दिवसातून काही तासच मिळते, आणि तीही जेमतेम दोन महिने. मार्चमध्ये पारा तीस अंशांकडे धावू लागतो. काश्मीरमध्ये मूलक्षोड हिवाळाभर बर्फाखाली किंवा बर्फाच्या शेजारी निजलेला असतो. तेथे हिशेब पुरा होतो, येथे तो अपुरा राहतो.

यावर एक आक्षेप संभवतो. थंडीच हवी, तर दिल्लीच्या शांतिपथावर फेब्रुवारीत ट्यूलिप कसे फुलतात? नवी दिल्ली नगरपरिषदेने २०२३ च्या वसंतासाठी एक लाखाहून अधिक कंद नेदरलँड्समधून आणविले होते. याचे उत्तर कंदातच आहे. ट्यूलिपचे फूल आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात पूर्ण घडलेले असते, आणि दांडा वाढण्यास लागणारी थंडी त्याला शीतगृहात देऊन मगच कंद पाठविलेला असतो. दिल्लीत उमलते ते हॉलंडने तयार केलेले फूल. उमलल्यावर मार्च-एप्रिलच्या उन्हात पाने लवकर पिवळी पडतात, नवे कंद खुरटे राहतात, आणि पुढील वर्षी त्यांतून एखादे पान तेवढे निघते. म्हणूनच दरवर्षी नवे कंद विकत घ्यावे लागतात. पालमपूर येथील हिमालयी जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने लाहौलच्या थंड प्रदेशात कंद तयार करण्याचे काम हाती घेतले, ते याच कारणासाठी. डच आयरिसचीही गत अशीच आहे. विकत आणलेला मोठा कंद दिल्लीत पहिल्या वर्षी सहज फुलतो. दुसऱ्या वर्षी त्याची लहान पिले केवळ तीन पाने काढून थांबतात. तीन पानांवर थांबलेला डच आयरिस त्या हंगामात फुलणार नाही, हे निश्चित समजावे.

तथापि सर्व दोष हवेवर ढकलणे योग्य नव्हे. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी श्रीनगरहून दाढीवाल्या आयरिसचे तीन तुकडे आणले. दोन आपल्या दिल्लीच्या घरी लावले आणि एक मसुरीच्या एका स्नेह्यांस दिला. बटाट्याप्रमाणे ते चार बोटे खोल पुरले, वर शेणखत घातले आणि रोज पाणी दिले. डिसेंबरात पाने इतकी टवटवीत होती की शेजारी पाहावयास येत. मसुरीच्या तुकड्याला पुढच्या मे महिन्यात तीन फुले आली. दिल्लीचे दोन्ही तुकडे ऑगस्टमध्ये उपटून पाहिले, तेव्हा बोटांत घाण वासाचा लगदा आला. यांत दिल्लीच्या हवेचा वाटा किती आणि लेखकाच्या अज्ञानाचा किती, हे पाहण्यासारखे आहे.

फूल न येणे हा पहिल्याचा दोष म्हणता येईल. कुजणे हा मात्र बव्हंशी दुसऱ्याचा. मूलक्षोडाची पाठ मातीच्या वर, उन्हात उघडी राहिली पाहिजे. तसेच नायट्रोजनयुक्त खताने पाने माजतात आणि गड्डा मऊ पडतो. मऊ गड्ड्यात ओल्या उष्म्यात जिवाणू शिरतात आणि तो सडवितात. दिल्लीचा वर्षाचा पाऊस सुमारे ७७ सेंटिमीटर, आणि त्याचा बहुतेक भाग जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत कोसळतो. म्हणजे नेमका त्या काळात, जेव्हा या वनस्पतीला कोरडी विश्रांती हवी असते. काश्मीरच्या कबरीचा उंचवटा किंवा छपराची उतरती माती पाणी धरून ठेवीत नाही, आणि तेथे सावलीही नसते. 'उपेक्षा' हा शब्द आपण वर वापरला, परंतु आयरिसच्या दृष्टीने ती उपेक्षा नव्हेच.

आपल्या बागेत नेमके कोणते कारण आहे, हे चाकू व भिंग घेऊन पाहता येते. फेब्रुवारीच्या आरंभी एक जाड झुबका बुडाशी उभा चिरावा. टोकाच्या अंकुराभोवती केवळ पानेच गुंडाळलेली असतील, तर फूल घडलेच नाही. थंडी अपुरी पडली, तुकडा कोवळा होता किंवा दाटी झाली होती. परंतु चिमुकली कळी असून ती वाळलेली आढळली, तर फूल घडले व नंतर मेले. त्याचे कारण सावली, अवेळी उष्मा किंवा ऐन वाढीत पडलेला पाण्याचा तुटवडा होय. शाळेत आयरिस मिळत नसल्यास नोव्हेंबरात नर्गिसचा एक मोठा कंद उभा चिरून विद्यार्थ्यांस दाखवावा. जमिनीत पडण्यापूर्वीच फूल आत बसलेले पाहून मुलांना मोठे नवल वाटते.

ज्यांना दिल्लीत दाढीवाल्या आयरिसचा प्रयत्न करावयाचाच आहे, त्यांनी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, वाळूमिश्रित मातीच्या वितभर उंच वरंब्यावर, अर्धा दिवस तरी ऊन लागेल अशा जागी तो लावावा. दर तीन-चार वर्षांनी दाटी मोडावी. आणि जूनमध्ये तुकडे उपटून हवेशीर, कोरड्या जागी ठेवावेत. एवढे केल्याने तो जगेल. फुलेलच असे वचन कोणाला देता येणार नाही. खात्रीचे फूल हवे असल्यास ग्लॅडिओलस लावावा. त्याचा दांडा लागवडीनंतर वाढीच्या ओघात घडतो, हिवाळ्याच्या आज्ञेची वाट पाहत नाही. आणि आयरिसच हवा असा हट्ट असेल, तर एक आयरिस मैदानी प्रदेशातही सुखाने नांदतो. पूर्वी त्याला बेलमकांडा म्हणत. २००५ साली जनुकीय पुराव्यावरून त्याची गणना आयरिसमध्ये झाली. पंख्यासारख्या पानांतून त्याची नारिंगी, लाल ठिपक्यांची फुले भर पावसाळ्यात येतात. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते, आणि पुढे बोंड उकलले की आत काळ्याभोर, चकचकीत बियांचा घोस दिसतो.