जखमेला रंग लावण्याआधी

नारळी पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते. पावसाळी बंदी उठलेली, घिवलीच्या किनाऱ्याला होड्या लागत होत्या आणि घरात दोन महिन्यांनी ताजं म्हावरं आलं होतं. शिंगाळा साफ करताना त्याचा काटा माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी घुसला. कळ खांद्यापर्यंत गेली. मी काटा उपसला, रक्त पुसलं आणि घरात आजवर पाहत आले तेच केलं. हळदीत चुना कालवून जाड लेप दिला आणि वर चिंधी बांधली. लेप लाल झाला. लाल झाला म्हणजे आता गुण येणार, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी बोट सुजलं. मी लेप बदलला, पण जखम धुतली नाही. तिसऱ्या रात्री ताप भरला आणि सकाळी मुलाने मला बोईसरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “मावशी, ही लाली कधीपासून आहे?” मला सांगता येईना. हात मनगटापर्यंत हळदीच्या रंगाने माखला होता. सिस्टरने स्पिरिटच्या बोळ्याने रंग पुसत आणला, तेव्हा खालची खरी लाली दिसली. ती मनगट ओलांडून वर चढली होती. रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली, आणि मला मधुमेह आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. जखम उघडून पू काढला, आत मोडून राहिलेला काट्याचा तुकडा निघाला. हात वाचला. मधलं बोट मात्र आजही पुरतं मिटत नाही.

दोष माझा होता, म्हणून त्यानंतर मी समजून घ्यायला लागले. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो. हळदीत ते साधारण दोन ते पाच टक्के असतं. चुन्यासारख्या क्षाराशी गाठ पडली की ते लाल होतं. हळदीपासून कुंकू होतं तेही असंच. म्हणजे माझ्या हातावरची लाली ही हळद आणि चुना यांच्यातली रासायनिक क्रिया होती, जखम भरण्याची खूण नव्हती. शिवाय चुना दाहक असतो. मुक्या मारावर, शाबूत कातडीवर लेप देणं वेगळं आणि फाटलेल्या कातडीत चुना भरणं वेगळं. त्याने जखमेच्या कडा भाजतात.

हळदीत गुण नाही असं मी म्हणत नाही. कर्क्युमिन दाह कमी करतं, काही जंतूंची वाढ रोखतं, हे प्रयोगशाळांत दिसलेलं आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि उजेडात लवकर नासतं. प्रयोगात मोजूनमापून वापरलेलं शुद्ध द्रव्य आणि डब्यातली चिमूटभर पूड एक नसते. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. सुट्या हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेटसारखे घातक रंग मिसळल्याचे प्रकारही आढळलेले आहेत.

“हळदीचं पेटंट आपण जिंकलं ना?” असं मला अनेकजणी विचारतात. जिंकलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट अमेरिकेत 1995 साली दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. पण हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून आहे, एवढंच त्यात ठरलं. कोणत्या जखमेला हळद पुरेल आणि कोणत्या जखमेला डॉक्टर लागेल, हा प्रश्न तिथे नव्हताच.

म्हणून माझ्या मासे साफ करणाऱ्या, विकणाऱ्या बहिणींना सांगते. काटा लागला की आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने जखम धुवा. शिंगाळ्याच्या काट्यात विष असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. म्हणून सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. काटा आत मोडला असेल तर घरी कोरू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. लालीच्या कडेने पेनाने रेघ काढा. लाली रेघेबाहेर गेली, ताप आला किंवा पू दिसला तर त्याच तासाला निघा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर वाटच पाहू नका. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा माणसाच्या जिवावर उठतात.

रंग लावण्याच्या घरातल्या आणखी दोन सवयींबद्दल. बाळाच्या नाळेवर हळद लावू नका, नाळ कोरडी आणि स्वच्छ ठेवा. आणि लग्नसराईत अर्ध्या तासात काळीभोर चढणारी मेंदी हाताला लावू देऊ नका. मेंदीच्या पानातलं लॉसोन केशरी-तांबडा रंग देतं आणि तो गडद व्हायला तास लागतात. झटपट काळ्या रंगात बहुधा पीपीडी हे केस रंगवायचं रसायन असतं, त्याने कातडीवर फोड येतात. तान्ह्या बाळाला तर खरी मेंदीही लावू नका. जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लॉसोनमुळे फुटू शकतात.

हळद आमटीत असू द्या, नवरीच्या अंगाला लागू द्या. जखमेला मात्र आधी पाणी लावा, आणि तिचा स्वतःचा रंग डोळ्यांना दिसू द्या.