मॅक्रो रेकॉर्ड करायचा, आणि नंतर वाचायचासुद्धा



महिना संपला की बचतीच्या एक्सेल शीटमध्ये दर वेळी तेच काम असतं. एकूण बचत उचलून ‘मागील बचत’मध्ये न्यायची आणि ‘या महिन्याची जमा’ पुसायची. हे काम मॅक्रोला देता येतं. मॅक्रो म्हणजे आपण केलेल्या क्लिकची एक्सेलने ठेवलेली नोंद. पुन्हा चालवला की तेच काम क्षणात होतं.

सुरुवात सोपी आहे. व्ह्यू टॅबमध्ये मॅक्रोज, त्यात रेकॉर्ड मॅक्रो. नाव द्या, पण नावात मोकळी जागा सोडू नका. मग नेहमीचं काम सावकाश करा आणि स्टॉप रेकॉर्डिंग दाबा. रक्कम चिकटवताना ‘पेस्ट व्हॅल्यूज’च घ्या, नाहीतर रकमेऐवजी सूत्र चिकटतं आणि रकान्यात चूक दिसते.

मी एका गटाला असाच मॅक्रो करून दिला होता. तेव्हा दहा सदस्य होत्या, ओळ २ ते ११. पुढे दोन ताई नव्याने आल्या. तीन महिन्यांनी त्यातली एक पासबुक घेऊन बैठकीत उभी राहिली. पासबुकात ३०० रुपये, शीटमध्ये १००! सगळ्या सचिवताईंकडे बघायला लागल्या. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. चूक त्यांची नव्हतीच, माझी होती. मॅक्रो ११व्या ओळीवरच थांबत होता. नव्या दोघींची जमा पुढे सरकतच नव्हती आणि दर महिन्याला जुन्या १०० वर नवे १०० टाइप होत होते.

मॅक्रो हा ब्लाउजच्या कागदी पॅटर्नसारखा. माप बदललं तर पॅटर्न आपणच बदलायचा.

बदलायचं कसं? व्ह्यू, मॅक्रोज, व्ह्यू मॅक्रोज. नाव निवडून एडिट दाबा. इंग्रजी मजकूर दिसेल, घाबरू नका. सगळा समजायची गरज नाही. ‘रेंज’ हा शब्द शोधा, त्याच्यापुढे कंसात पत्ता असतो. आमच्यात एका ठिकाणी डी२ ते डी११ (एकूण बचत उचलणं) आणि दुसऱ्या ठिकाणी सी२ ते सी११ (जमा पुसणं) होतं. दोन्हीकडे ११ चे १३ केले. फक्त पहिला बदलला असता तर त्या दोघींची जमा दुप्पट दिसली असती! मग दोघींच्या ‘मागील बचत’मध्ये हाताने २०० लिहिले, तेव्हा शीट पासबुकाशी जुळली.

आता आम्ही मॅक्रो चालवल्यावर दोन गोष्टी बघतो. जमेची बेरीज शून्य झाली का, आणि एकूण बचतीची बेरीज आधी होती तेवढीच आहे का. दोन्ही जमलं तरच पुढे.

आणि हो, मॅक्रोने केलेलं काम ‘अन्डू’ने मागे घेता येत नाही. म्हणून आधी फाइलची महिन्याच्या नावाने प्रत काढा. सेव्ह करताना ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ निवडा, साध्या एक्सेल फाइलमध्ये मॅक्रो राहत नाही. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये तो चालत नाही, संगणकच लागतो. व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाकडून मॅक्रो असलेली फाइल आली तर ‘एनेबल कंटेंट’ मुळीच दाबू नका.

पहिला सराव खऱ्या शीटवर नको. तीन खोटी नावं टाकून वेगळी फाइल करा, त्यात चौथं नाव वाढवा आणि आकडा कुठे कुठे बदलावा लागतो ते शोधा.