एक वृषण आणि पितृत्व : समज व वस्तुस्थिती

मूल होत नाही म्हटले की पहिला बोल स्त्रीला लागतो. पुरुषाला एकच वृषण आहे असे कळले, तर कोणतीही तपासणी न करता त्याला अपत्यसुखास अपात्र ठरविले जाते. ठरलेले विवाह मोडतात, तरुण मनातल्या मनात खचतात. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. उरलेले वृषण निरोगी असेल, तर बहुसंख्य पुरुषांना नैसर्गिक रीतीने पितृत्व लाभते.

एक पुरेसे का?

शुक्रजंतू निर्माण करणे आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात सोडणे, ही वृषणाची दोन कार्ये होत. एक मूत्रपिंड काढल्यावर दुसरे जसा भार उचलते, तसेच उरलेले निरोगी वृषण सामान्यतः ही दोन्ही कार्ये पार पाडते. त्यामुळे दाढीमिशा, शारीरिक बळ वा वैवाहिक सुख यांत उणीव येत नाही.

धोका कोठे आहे?

गर्भावस्थेत वृषणे पोटात तयार होतात व जन्मापूर्वी खाली वृषणकोषात उतरतात. पूर्ण दिवसांच्या दर शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांत ती पूर्णपणे उतरलेली नसतात. बहुतेकांत पहिल्या काही महिन्यांत ती आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र ही शक्यता फारच कमी होते. शुक्रजंतूंच्या निर्मितीस शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी उष्णता लागते. पोटात वा जांघेत अडकलेल्या वृषणाची ही शक्ती क्षीण होत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून ६ ते १८ महिन्यांच्या वयात शस्त्रक्रिया करून घेणे हिताचे असते. ‘मोठा झाला की येईल’ म्हणून थांबू नये.

दुसरा धोका वृषणास पीळ पडण्याचा. कुमारवयात हे अधिक आढळते. अचानक तीव्र वेदना, सूज व उलटी ही त्याची लक्षणे. सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण बहुधा वाचते. मुलगा लाजेने गप्प राहिला, तर ते कायमचे गमवावे लागते.

तपासणी दोघांचीही

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास पतिपत्नी दोघांची तपासणी व्हावी. पुरुषाची वीर्यतपासणी सोपी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही किमान संदर्भमर्यादा दिली आहे. तथापि एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यानंतर फेरतपासणी करावी. तंबाखू टाळावा. शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती थांबवितात, हेही ध्यानात ठेवावे.

आपले कर्तव्य

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत येतात. त्या वेळी पालकांनी शंका मोकळेपणाने सांगावी, यासाठी पंचायत सदस्यांनी पुढाकार घ्यावा. वेदनेने कळवळणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी घरी न धाडता तत्काळ रुग्णालयात न्यावे. वेळीच बोललेला एक शब्द एखाद्याचे वृषण वाचवील आणि एखाद्या सुनेवरचा अकारण दोषही टाळील.