बक्षिसं मागायला निघण्यापूर्वी

वाचनालयाच्या सोडतीची वही यंदा तुझ्याकडे आली, हे बरं झालं. तुला मागायला लाज वाटत नाही आणि नकार ऐकून तुझा चेहरा पडत नाही. या कामाला एवढं भांडवल पुष्कळ झालं, बाकीचं मी सांगते. दरवर्षी एखादी नवी बाई हौसेनं मेन रोडच्या एका टोकाला उभी राहते आणि दिसेल त्या दुकानात शिरते. संध्याकाळी तिच्या पिशवीत भिंतीवरची चार घड्याळं, दोन कॅलेंडरं आणि एक प्लास्टिकचा जग असतो. ती सोडत बघायला कोण येणार?

आधी घरी बसून यादी कर. मंडळातल्या एकेकीला विचार, किराणा कुठून भरतेस, लग्नाचा बस्ता कुठं बांधलास, सोनं कुणाकडे मोडतेस, चष्मा कुठला. ज्या दुकानात आपल्या बाईचं वर्षानुवर्षांचं खातं आहे, तिथं तिला बरोबर ने. बोलायचं तू, तिनं नुसतं उभं राहायचं. शेठजींना नाही म्हणताना तिच्याकडे बघावं लागतं, आणि ते जड जातं. आपलं कुणीच गिऱ्हाईक नसलेली दुकानं यादीच्या तळाला टाक. मोठी शोरूम त्याहून खाली. तिथला मॅनेजर बाहेरगावचा, त्याला पुण्या-मुंबईला विचारावं लागतं, आणि तिकडून उत्तर येईपर्यंत आपली रथसप्तमीची सोडत होऊन गेलेली असते.

वहीतली पहिली ओळ कुणाची, यावर सगळं ठरतं. कोरी वही पुढे केलीस तर कुणीही हात आखडता घेतो. म्हणून पहिल्या दिवशी एकाच ठिकाणी जा, जिथं मन मोठं आहे आणि बाजारात शब्दाला वजन आहे अशा माणसाकडे. त्यानं पाच लिटरचा कुकर लिहिला की पुढचे सगळे कुकरच्या आसपास राहतात. त्यानं स्टीलची वाटी लिहिली, तर वर्षभराची वही वाट्यांनी भरते. हरभट रोडवर एका भांड्यांच्या दुकानात मी हे नीट पाहिलंय. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला, वही आमच्या हातातून घेतली आणि बोटाला थुंकी लावून पानं मागं उलटली. आमच्याशी बोलणं चालूच होतं. बोट एकेका ओळीवरून सरकत होतं आणि समोरच्या फळीवरच्या भांडेवाल्याच्या नावावर येऊन थांबलं. त्यानं तीन डब्यांचा सेट दिला होता. यांनी वही मिटली आणि पोराला हाक मारली, ‘‘वरचा पाच डब्यांचा काढ रे.’’ तू तोंडानं कधीही म्हणायचं नाही की अमक्यानं एवढं दिलं. ते वही सांगते. म्हणून अक्षर चांगलं असलेली मुलगी बरोबर घे, आणि वस्तूपुढे तिची अंदाजे किंमत लिहू नका. किंमत लिहिली की देणाऱ्याला आपण मोजले गेलो असं वाटतं.

वेळेचं भान ठेव. बोहनी व्हायच्या आत दुकानात पाय टाकू नकोस. सकाळी पहिल्यांदा गल्ल्यातून वस्तू फुकट बाहेर जाणं कुठल्याच व्यापाऱ्याला रुचत नाही, आणि तो बोलून दाखवत नाही एवढंच. अमावास्येला जाऊ नये. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या तोंडावर जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. तेव्हा मालक हिशेबनिसाच्या डोक्यावर बसलेले असतात आणि तुझं बोलणं त्यांच्या कानात शिरत नाही. मार्च तर विसरूनच जा. गणपतीच्या आधीचा महिना तरुण मंडळांच्या पावती पुस्तकांचा, नवरात्राआधीचे दिवसही तसेच. म्हणून आपण तुळशीचं लग्न झालं की निघतो आणि संक्रांतीच्या आत वही बंद करतो. मात्र साड्या आणि भांडीवाल्यांना तेव्हा लग्नसराईची गर्दी असते, त्यांच्याकडे दुपारी बाराच्या सुमाराला जा. गिऱ्हाईक आलं की आपण बाजूला सरायचं. बोलणं अर्धं राहिलं तरी राहू दे.

मालक नसतील तर काउंटरवरच्या पोराला कहाणी सांगत बसू नकोस. मालक कधी येतात ते विचार, आपलं पत्र ठेव आणि त्या वेळेला पुन्हा जा. पत्र वाचनालयाच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट आणि एका पानाचं असू दे. त्यात पैसा कशाला लागणार ते सरळ लिही: अभ्यासिकेला वीस टेबलं आणि रात्रीचं वीजबिल. ‘सामाजिक बांधिलकी’ वगैरे नको, ते सगळ्यांच्याच पत्रात असतं. एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं रात्री उशिरापर्यंत बसतात आणि एका टेबलाशी चौघं कोपराला कोपर लावून लिहितात, हे तोंडानं सांग. त्यातलाच एखादा पोरगा दिवसा याच बाजारात कुठल्यातरी काउंटरवर उभा असतो, हे व्यापाऱ्यांना माहीत आहे.

आता मागायचं काय? ‘काहीतरी द्या हो’ म्हटलं की माळ्यावर धूळ खात पडलेला माल खाली येतो. नेमकं माग. ‘‘तुमच्याकडचा तो दीड लिटरचा थर्मास चालेल,’’ असं वस्तूकडे बघून म्हण. जास्त वाटलं तर तेच खाली येतील, तुला वर चढता येणार नाही. आणि ज्याचं जे आहे तेच माग. सराफाकडे चांदीचं निरांजन, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्याकडे किलो-किलोच्या हळदीच्या पिशव्या, भडंगवाल्याकडे दहा पुडे. आपल्या सांगलीत हळद आणि भडंग नसलेली सोडत शोभत नाही.

सगळ्यात चांगली बक्षिसं मात्र वस्तूंची नसतात. पिठाच्या गिरणीवाल्यानं महिनाभराचं दळण फुकट दिलं, तर त्याला ते अंगावर येत नाही आणि जिच्या घरी ते जातं ती महिनाभर नाव घेते. शिंप्याकडे दोन ब्लाउजांची शिलाई, डेअरीकडे महिनाभर रोज अर्धा लिटर दूध, चष्मेवाल्याकडे एक फ्रेम, कांडपवाल्याकडे उन्हाळ्यातली पाच किलो मिरची. लहान धंदेवाल्याला आपल्याला कुणी विचारेल असं वाटलेलंच नसतं. मोठ्या दुकानांच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा गल्लीबोळांतून फिर. फक्त असं बक्षीस तोंडी घेऊ नकोस. त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच सहीनं, कुठल्या तारखेपर्यंत ते लिहून घे. आणि कुणी ‘पाचशेच्या खरेदीवर शंभर रुपये सूट’ अशी कूपनं दिली तर हात जोडून परत कर. ती त्यांची जाहिरात आहे, बक्षीस नव्हे.

वस्तू घेताना तिथंच उघडून बघ. मिक्सर असेल तर प्लग लावून फिरवून बघ, कुणी रागावत नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का घे, पण तारीख कोरी ठेवायला सांग. नाहीतर दोन महिने आपल्या कपाटातच जातात. खाण्याच्या वस्तूवरची तारीख बघ, रथसप्तमीनंतर निदान महिनाभर तरी टिकायला हवी.

कागदपत्रांचं सांगायलाच हवं, कारण विचारणारे विचारतातच. तिकीट विकून सोडत काढणं हा आपला घरगुती मामला नाही. सरकारच्या परवानगीशिवाय लॉटरी चालवणं गुन्हा आहे, आणि हेतू चांगला म्हणून कायदा डोळे मिटत नाही. ती बाजू कार्यवाह आणि वकीलसाहेब बघतात. पण कूपनं छापायला जाण्याआधी परवानगीचा कागद आपल्या डोळ्यांनी बघ आणि त्याची प्रत पिशवीत ठेव. शेजारच्या नोंदणी नसलेल्या मंडळानं आपलं बघून काही सुरू केलं तर त्यांना सांग, नुसते पैसे गोळा करायलाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘‘ऐंशी-जीची करसवलत मिळेल ना?’’ वस्तू दिली तर नाही मिळत, रोख दिली तर २,००० रुपयांपर्यंतच, त्यावर चेकनं द्यावी लागते आणि संस्थेला ती मान्यता असावी लागते. हे खरं सांग. एखाद्या मिक्सरसाठी खोटी पावती फाडायची नाही. आणि कुणी उत्साहानं स्कूटर देऊ केली तरी भुलू नकोस. १०,००० रुपयांच्या वरचं बक्षीस असेल तर ३० टक्के कर आधी भरावा लागतो, वस्तू असली तरीही. जिच्या नावानं स्कूटर निघेल, ती बिचारी कराचे पैसे कुठून आणणार? त्यापेक्षा दहा कुकर बरे.

काही दारं टाळायची. तंबाखू-गुटख्याचे ठोकवाले आणि परमिट रूम यांच्याकडून घ्यायचं नाही, मग ते कितीही देवोत. निवडणूक जवळ आली की कुणी भावी नगरसेवक ‘पहिलं बक्षीस आमच्याकडून’ म्हणत येतो आणि कूपनवर फोटो छापा म्हणतो. त्याला चहा पाज आणि नम्रपणे वाटेला लाव. वाचनालयात सगळ्या पक्षांची माणसं पेपर वाचायला येतात.

नाही म्हणणाऱ्याला कारण विचारू नकोस. घरात आजारपण असतं, बँकेचा हप्ता थकलेला असतो, भावाभावांत वाटणी चाललेली असते. ‘‘बरं, पुढच्या वर्षी येते,’’ म्हणायचं आणि तिथून एखादी लहानशी वस्तू पैसे देऊन घ्यायची. पुढच्या दुकानात त्याचा विषयही काढायचा नाही, बाजारात शब्द आपल्या आधी पोचतो. कधी सगळा बाजारच अडचणीत असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. गणपती पेठ, मारुती रोड, हरभट रोड, सगळीकडे दुकानांत पाणी. त्या वर्षी आम्ही वही काढलीच नाही. मंडळातल्या बायकांनी दिवाळीची खरेदी ठरवून त्याच दुकानांतून केली, भिजून वाळवलेल्या साड्यासुद्धा घेतल्या. पुढे वही घेऊन गेलो, तेव्हा त्या दुकानदारांनी पत्र वाचायच्या आधीच आत बसायला सांगितलं.

सोडतीच्या दिवशी प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी हवी आणि माइकवर ते नाव नीट उच्चारलं गेलं पाहिजे. फ्लेक्सवर आडनाव चुकलं तर पुढची तीन वर्षं तिथून चमचाही मिळत नाही, म्हणून छापायला देण्याआधी दुकानाच्या पाटीवर नजर टाकून ये. कार्यकारिणीतल्या कुणाचंही, त्यांच्या घरच्यांचंही कूपन पेटीत नको. चिठ्ठी समोर बसलेल्यांतलं लहान पोर उचलेल, आणि पहिलं बक्षीस सगळ्यात शेवटी. नाहीतर अर्ध्या खुर्च्या आधीच रिकाम्या होतात. आपण याला हळदीकुंकू म्हणत नाही, तिळगूळ मेळावा म्हणतो, हे मुद्दाम सांभाळ. हळदीकुंकू म्हटलं की कित्येकजणी घरी बसतात, आणि कूपनं त्यांनीही घेतलेली असतात.

खरं काम त्यानंतर आहे, आणि तिथंच बहुतेक मंडळं कच्ची पडतात. मागायला चौघी जातात, हिशेब सांगायला कुणी जात नाही. ज्याचं बक्षीस ज्या बाईला गेलं, तिला विचारून तिचा फोटो त्याच संध्याकाळी दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. आठ दिवसांत एका कागदावर जमा किती, खर्च किती, उरले किती ते लिहून एकेकाच्या दुकानात स्वतः जाऊन दे, बरोबर तिळगुळाची पुडी. त्या फेरीत काहीही मागायचं नाही, ‘पुढच्या वर्षी लक्षात असू द्या’ हेसुद्धा नाही. टेबलं आली की ज्यांनी दिलं त्यांना एकदा अभ्यासिकेत चहाला बोलाव, येतील ते येतील. न नेलेली बक्षिसं पंधरा दिवस ठेवून नावं फळ्यावर लाव. त्यानंतर काय करायचं ते सभेत ठरव, तुझ्या एकटीच्या मनानं नको.

जुन्या वह्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत. कोण कशाला नाही म्हणाला आणि कुणाच्या घरी त्या वर्षी काय झालं होतं, तेही समासात पेन्सिलीनं लिहिलंय. ते वाचून झालं की घरी ये, पहिलं नाव कुणाचं घ्यायचं ते दोघी बसून ठरवू. आणि दिवाळीआधीच पत्रांवर शिक्के मारून घे. कार्यवाह दिवाळीनंतर मुलाकडे जातात आणि शिक्का त्यांच्या कपाटात कुलूपबंद असतो.