अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली

शुक्रवार, 19 जुलै 2024. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून नऊ मिनिटं झाली होती. पुण्यात सकाळचे 9:39 वाजले होते. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल जगभरच्या विंडोज यंत्रांकडे रवाना केली. 78 मिनिटांनी ती मागे घेतली गेली, पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, 85 लाख कॉम्प्युटरांना तिचा फटका बसला होता. बंद करून चालू केलं तरी पुन्हा विंडोज कोसळल्याचा निळा पडदाच. त्या वेळात जी यंत्रं बंद होती, ती बचावली.

कंपनीने पुढे जाहीर केलेलं कारण ऐकून कपाळाला हात लागतो. नव्या फाइलला 21 रकान्यांतली माहिती हवी होती, आणि प्रोग्राम पुरवत होता 20. एकविसावा शोधायला तो मेमरीत नको तिथे शिरला. साधा प्रोग्राम असता तर एकटाच कोसळला असता. हा मात्र विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये चालणारा. तिथे गडबड झाली की विंडोज सगळंच थांबवते. शिवाय यंत्र सुरू होतानाच तो जागा होतो, म्हणून प्रत्येक वेळी तोच खेळ.

दुरुस्ती काही मिनिटांची होती. सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली ती फाइल पुसायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. अडचण एवढीच की हे दुरून जमत नव्हतं. बहुतेक ठिकाणी माणसाला यंत्रापर्यंत जावं लागलं. डेल्टा एअरलाइन्सला तर 40 हजार सर्व्हर हाताने रीसेट करावे लागले, असं तिच्या प्रमुखांनी सांगितलं. पाच दिवसांत तिची सुमारे 7 हजार उड्डाणं रद्द झाली. भारतात इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

आणि सेफ मोडच्या दारातच बिटलॉकर उभा होता. डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी ही विंडोजची सोय. यंत्र नेहमीच्या वाटेने सुरू झालं नाही की ती 48 आकड्यांची रिकव्हरी की मागू शकते. काही कंपन्यांनी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तोही निळा पडलेला! त्या आठवड्यात रात्री जागवलेल्या आयटीवाल्यांच्या अनुभवातून घरच्या वापरासाठी उचलायची गोष्ट हीच. एक फाइल पुसणं कुणालाही शिकवता येतं. किल्ली नसेल तर शिकवलेलं सगळं वाया.

घरचा लॅपटॉपही याला अपवाद नाही. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की हे कुलूप बरेचदा आपोआप लागतं आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. प्रश्न येतो तो खातं कुणाचं याचा. न्यू जर्सीतल्या मुलाने लॅपटॉप घेतला, स्वतःच्या खात्याने सुरू करून दिला आणि आई-बाबा तो पुण्याला घेऊन गेले, तर पुण्यातल्या पडद्यावर मागितलेली किल्ली न्यू जर्सीच्या खात्यात असते. हरवलेली किल्ली मायक्रोसॉफ्टही नव्याने बनवून देऊ शकत नाही. यंत्र धड चालू आहे तोवरच खात्यात जाऊन ती शोधावी, कागदावर छापून पासपोर्टाच्या फाइलमध्ये ठेवावी. छापील कागद जुनाट वाटेल, पण तो सुरू व्हायला वीज लागत नाही. सोबत किल्लीचा ओळख-क्रमांकही असू द्यावा. घरात चार लॅपटॉप असले की कोणती किल्ली कुणाची, हे त्यावरूनच कळतं.

यंत्र खरोखर अडलंच, तर आधी पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून ठेवावेत आणि पडद्यावरच्या संदेशाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. मग एकदोनदा पुन्हा सुरू करून बघावं. हा भाबडा उपाय नाही: त्या जुलैत मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या ग्राहकांना 15 वेळापर्यंत रीस्टार्ट करून पाहायला सांगितलं होतं, कारण कोसळण्याआधी दुरुस्त फाइल उतरली तर यंत्र सावरत होतं. सुरुवात दोन-तीनदा फसली की विंडोज बहुधा स्वतःच रिकव्हरीचा पडदा दाखवते. तिथून स्टार्टअप रिपेअर किंवा सेफ मोड निवडावा. ‘रीसेट’ला मात्र फोटो आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडे असल्याखेरीज हात लावू नये. लॅपटॉप नोकरीचा असेल, तर यातलं काहीच न करता थेट कंपनीच्या आयटी विभागाला फोन करावा. किल्ली त्यांच्याकडे असते.

आयटी विभागाचा नंबर आधीच लिहून ठेवलेला बरा. कारण 19 जुलैलाच अमेरिकी सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेला, सिसाला, इशारा द्यावा लागला होता की या गोंधळाच्या आडून फसवणुकीचे ईमेल फिरताहेत. पुढे ‘दुरुस्ती’ म्हणून पसरवलेली एक झिप फाइलही सापडली. तिच्यात व्हायरस होता. विंडोजचा खरा बिघाडाचा पडदा एरर कोड देतो, मदतीचा फोन नंबर कधीच देत नाही. नंबर दिसला, तर तो पडदा विंडोजचा नव्हे.